पिवळी चादर आत येईपर्यंत

३ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र होडीबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही. तेवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे फाडून टाकायची घाई करणार नाहीस.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या वर्षांनी आलं आणि त्यावर मोजून तीन ओळी. होडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने वर निघाली आहेस, आता एकटीला शीड ओढवत नाही, म्हणून ती ‘तुमच्या धक्क्याला’ बांधून परत जाणार आहेस. बरं बाई. धक्का आमचा. दादाही आमचाच होता, आणि त्याच्याशी लग्न कुणी केलं होतं ते मी विसरले वाटतं.

वाटेत कुठल्या बंदरांत थांबणार ते लिहिलंस, स्वतःचा पत्ता मात्र लिहिला नाहीस. फोनचा नंबर तू बदललास. रेडिओ दादासारखाच बंद ठेवत असशील, बॅटरी वाचवायला. तेव्हा ही पत्रं मी त्या त्या बंदराच्या कचेरीत पाठवते आहे. पाकिटावर लिहिलंय, ‘शिडाची निळी होडी, एकटी बाई’. आपल्याकडे अशी पत्रं आली की बंदरसाहेब ती खिडकीच्या काचेला टेकवून ठेवतात. तिकडेही कुणी ठेवत असेल.

आता कामाचं. तू या खाडीच्या मुखातून शेकडो वेळा आत आलीस, पण पुढे बसून. सुकाणू दादाच्या हातात असायचं आणि तुझ्या हातात थर्मास. म्हणून विचारते, राग मानू नकोस. धक्क्यावरच्या काळ्या फळ्यावर मी रोज सकाळी खडूने जी वेळ लिहिते, ती कसली असते?

‘भरतीची’ म्हणालीस ना? वाटलंच मला. दादाने कधी सांगितलं नसणार. जे आपल्याला ठाऊक ते साऱ्या जगाला ठाऊक, असा त्याचा समज होता. ती वेळ भरतीची नाही वहिनी, ती पाणी थांबण्याची आहे. बाबा बंदरात जहाजांना वाट दाखवायचे तेव्हापासून या फळ्यावर तीच वेळ लिहितात, आणि इथल्या कुणी ती कधी विचारली नाही, कारण इथल्या सगळ्यांना ती माहीत आहे. पुस्तकात असते ती भरतीची. पुस्तक खोटं नाही. समुद्र किती वर येणार आणि कधी, ते ते बरोबर सांगतं. पण समुद्र वर यायचा थांबला तरी खाडीचं पोट आत लांबवर पसरलेलं आहे, ते भरायचं असतं. त्यामुळे पुस्तकातली वेळ उलटून तास-सव्वा तास झाला तरी पाणी मुखातून आत धावतच असतं. सरळ धावलं असतं तरी चाललं असतं. ते वाळूच्या पट्ट्याला अडतं, वळतं, आणि सापडेल ते दगडी बांधावर नेऊन घालतं.

मग थांबतं. एक कप चहा सावकाश प्यावा, एवढा वेळ. उधाणाच्या दिवसांत अर्धाच कप. त्यानंतर उलटं फिरतं, आणि समुद्रावरून वारा असला तर मुखात लाटा उभ्या राहतात. तर तेवढ्या वेळात आत यायचं. आधी नाही, नंतर नाही.

होडीला ओरखडा आलेला मला चालणार नाही, म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

तुझी वन्सं

ता.क. पिवळ्या चादरीच्या जोडीची उशीची एक खोळ सापडत नाही. तू नेलीस का? नेली असशील तर राहू दे. नुसतं कळव, म्हणजे मी कपाट उपसायचं थांबवेन.

९ फेब्रुवारी

वहिनी,

पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून चालते. दुसऱ्या बंदरात तू कधी पोचशील याचा अंदाज मी वाऱ्यावरून बांधला आहे. वारा बघायला आता मला वेळच वेळ असतो.

काल इथे तमाशा झाला. एक पांढरी नवीकोरी बोट, त्यावर कुठलं तरी पाहुणं जोडपं, नवऱ्याच्या डोक्यावर कप्तानासारखी टोपी. पुस्तकातली भरतीची वेळ गाठून अगदी ऐटीत मुखात शिरले. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. बोटीचं तोंड सरळ धक्क्याकडे, आणि बोट चालली आडवी. त्याला पत्ताच नाही! तो समोर बघतोय, हात हलवतोय. बायकोने बांधाचे दगड पाहिले आणि अशी किंचाळली की धक्क्यावरची मांजरं पळाली. बाजू सोलून निघाली बोटीची. माणसं धड आहेत. बंदरसाहेबांनी त्यांना कचेरीत बसवून पाणी दिलं. टोपीवाला म्हणाला, “पण भरती तर पूर्ण झाली होती हो!” बंदरसाहेब म्हणाले, “झाली होती ना. पाण्याला कुणी सांगितलं नव्हतं.” दिवसभर बंदरात तेवढंच चाललं होतं.

मीही हसले. मग घरी येऊन तुझ्या त्या कार्डाकडे बघत बसले आणि हसू गेलं.

म्हणून आणखी एक गोष्ट लिहिते. आत येताना समोर बघू नकोस. म्हणजे बघ, पण नुसत्या धक्क्याकडे नको. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर चुन्याचा पांढरा पट्टा आहे आणि त्याच्या मागे, वर, पाण्याची टाकी. लांबून पट्टा टाकीच्या बरोबर खाली दिसला पाहिजे. दोन्ही एका रेषेत आहेत तोवर तू जायचं तिकडेच जाते आहेस. पट्टा डावीकडे सरकला की समज, पाणी तुला उजवीकडे बांधावर नेतंय, होडीचं तोंड कुठेही असू दे. एकच खूण बघणाऱ्याला आपण वाहतोय हे कळत नाही. दोन बघाव्या लागतात.

दादा तुला हे शिकवतो म्हणाला होता. ‘पुढच्या हंगामात’ म्हणायचा. माणूस खाटेवर गेला, साध्या खोकल्याच्या दुखण्यात. पाण्याने त्याचं कधी वाकडं केलं नाही.

घर तसंच आहे. वरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची सरकवली आहे, बाकी तुझं टेबल होतं तिथे. जिन्याची चौथी पायरी अजून करकरते. मी एकटीच चढउतार करते तर तिला करकरायचं कारण काय, पण सवय. सकाळी चहा टाकताना पाणी दोन कपांचं पडतं. पहिल्या वर्षी मी दुसरा कप ओतून द्यायचे. आता दोन्ही मीच पिते. पित्त होतं.

तुझी वन्सं

१५ फेब्रुवारी

वहिनी,

पहिलं पत्र परत आलं. पोस्टमनने हातात दिलं आणि लगेच वळला, एरवी दारात उभा राहून तासभर पकवतो. पाकिटावर शिक्का, ‘घेण्यास कुणी आले नाही’.

म्हणजे तू त्या बंदरात गेली नाहीस, किंवा गेलीस आणि कचेरीत डोकावली नाहीस. किंवा माझं अक्षर पाहिलंस आणि पाकीट तसंच राहू दिलंस. यातलं काय ते ठरवण्यात कालचा दिवस गेला. संध्याकाळी ठरवलं की तू डोकावली नाहीस. त्यातल्या त्यात तेच बरं.

तेव्हा पुढच्या बंदरात टाकायचं हे पत्रही तू वाचणार नाहीस असं समजूनच लिहिते. तसं लिहायला बरंही पडतं.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल तू मला एकदाच लिहिलंस. ‘पाणी शांत होतं. चादर खोटी होती. तुम्हाला मला अडवायचं होतं.’ झालं. मी उत्तर दिलं नाही, कारण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आपल्या घरात चादर कधी खोटी लागली नाही. बाबा मुखावर असत तेव्हा आई लावायची, मग दादासाठी मी. पाणी धावत असलं की वरच्या खिडकीतून पिवळी चादर सोडायची, थांबलं की ओढून घ्यायची. दादा समुद्रावरून बघायचा, आणि ‘पाहिलं’ म्हणून शिडाच्या दोरीला हाताशी असेल ते फडकं बांधायचा. एकदा स्वतःची विजार बांधली होती. तूच रागावली होतीस.

तुला ती चादर पहिल्यापासून डाचायची. नवीन लग्न झालेली तू दारात ताटकळत बसायचीस, नवरा समोर दिसतोय, आणि नणंद वरून ठरवणार तो घरी कधी येणार ते! “वन्सं, माझं लग्न यांच्याशी लागलंय की तुमच्या चादरीशी?” असं तू हसत विचारायचीस. नंतर नंतर हसत नव्हतीस. दादा गेल्यावर तर आपण दोघी एकमेकींना पाण्यातच पाहायला लागलो. मग ती सकाळ आली. तू धक्क्यावर होडी सोडत होतीस आणि वर मी चादर सोडली.

धक्क्यापाशी पाणी शांत होतं, हे खरं. बांधाच्या कुशीतला तो कोपरा, तिथे कायमच शांत असतं. मुखात धावत होतं. तू शीड चढवलंस, पाठीमागून चांगला वारा होता, आणि निघालीस. तू पुढे बघत होतीस वहिनी. मी वरून बघत होते. होडी आडवी सरकत बांधाकडे गेली, इतकी जवळ की शेवटच्या दगडाला तू वल्हं टेकवू शकली असतीस. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि तू सुटलीस. तू मागे वळून पाहिलंच नाहीस, त्यामुळे ते दगड तुला माहीतच नाहीत. मी खिडकीची चौकट धरून उभी होते. हात सोडायला वेळ लागला.

चादर खरी होती. पाणी खरंच धावत होतं. आणि तू जायला मला नको होतीस, हेही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी. त्यातलं एक दिसलं म्हणून दुसरं खोटं ठरवलंस, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि मी नुसती जिन्यावरून खाली येऊन ‘जाऊ नकोस’ म्हणू शकले असते, असं तू म्हणशील. म्हण.

तुझी वन्सं

१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं दुसरं कार्ड आत्ता मिळालं. दुसरं पत्रही त्याच्याबरोबर परत आलं. पोस्टमनने दोन्ही एकदम दिली.

‘अमावस्येनंतर दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भरतीला येते. पुस्तकात वेळ पाहिली आहे. रात्री थांबणार नाही.’

पुस्तकात वेळ पाहिली आहे! अमावस्येनंतरचा दुसरा दिवस म्हणजे ऐन उधाण. वर्षातलं मोठ्यात मोठं पाणी त्या दिवशी त्या मुखातून शिरणार, आणि तू बरोबर तेव्हाच यायचं ठरवलंस, का, तर पाणी भरपूर असेल. तुझं चुकलं असंही म्हणता येत नाही. पुस्तक वाचून शहाणा माणूस हेच करेल.

तशीच चपला अडकवून कचेरीत गेले. बंदरसाहेबांनी रेडिओवर हाका मारल्या. मी शेजारी उभी. खरखर, मग काही नाही. पुन्हा मारल्या. खालच्या दोन बंदरांना कळवून ठेवलं त्यांनी, निळी होडी दिसली तर सांगा म्हणून. “लाँच घेऊन बाहेर जाता येईल का?” विचारलं. तर ते म्हणाले, “इंजिन उघडून पडलंय ताई, आठवडाभर होत नाही. पण वहिनींना वरची खूण माहीत आहे ना? तुमची ती चादर?”

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

काय सांगणार त्यांना? खूण माहीत आहे. ती खोटी असते हेही तिला माहीत आहे. तिने मला तसं लिहून कळवलंय.

हे पत्र शेवटच्या बंदरात आजच्या टपालाने टाकते. तू तिथे थांबलीस आणि कचेरीत गेलीस, तर मिळेल. वहिनी, पुस्तकातली वेळ नको. त्यानंतर सव्वा तास. बर्फाच्या कारखान्यावरचा पांढरा पट्टा आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत. एवढं वाच, बाकीचं हवं तर फाड.

तुझी

२२ फेब्रुवारी, सकाळ

वहिनी,

हे पत्र कुठेच पाठवायचं नाहीये. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहिते.

चादर काढली, झटकली. मधोमध विरली आहे, पण रंग टिकलाय. फळ्यावर वेळ लिहून आले. खाली, आजवर कधी लिहिलं नव्हतं ते लिहिलं, ‘ही भरतीची वेळ नाही’. समुद्रावरून फळा दिसत नाही हे मलाही कळतं.

वारा समुद्रावरून आहे आणि वाढतोय.

दुपार

दिसलीस. मुखाच्या बाहेर, दक्षिणेकडून. निळी होडी, शीड नवीन वाटतंय. सुकाणूपाशी तू. पांढरे झाले केस तुझे. इतक्या लांबून ते दिसत नाही, पण दिसले.

पुस्तकातली वेळ झाली आणि तू तोंड आत वळवलंस. चादर केव्हाची बाहेर आहे. मी खिडकीत उभी राहून वरून हातवारे करतेय वेड्यासारखी. बांधावर पाणी चढतंय, खालून पोरं धावत असावीत तसा आवाज येतोय. तू येतेच आहेस. तू वर बघितलंस की नाही मला कळत नाही. बघितलंस आणि मनात म्हणालीस का, ‘लावलीच का हिने परत?’

त्याच्या थोड्या वेळाने

पेन सोडून खिडकीशी गेले होते.

तू वाळूच्या पट्ट्याच्या अगदी टोकापर्यंत आलीस. तिथून पुढे आलीस तर माघार नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही, तुझंच घेतलं, मोठ्याने, रिकाम्या घरात. आणि होडीचं तोंड फिरलं. शीड फडफडलं, उतरलं. तू परत बाहेर गेलीस आणि पट्ट्याच्या आडोशाला नांगर टाकलास.

मी खुर्चीत बसले.

मग शिडाच्या दोरीवर काहीतरी चढलं. चौकोनी, लहानसं. पिवळं.

माझी खोळ! कपाट उपसून उपसून हात दुखले माझे, आणि बाईसाहेब ती घेऊन समुद्रभर फिरतायत!

अजून पाणी धावतंय

हसून झालं, रडून झालं. आता नुसती बसलेय.

तू तिथे हलते आहेस. वारा वाढलाय, होडी नांगरावर उसळतेय, आणि तू मध्येच उठून दोरी बघतेस, परत बसतेस. एकटीच. थर्मास आहे की नाही कोण जाणे. दोनदा माझा हात चादरीकडे गेला. ओढून घ्यावी, संपवावं हे, येऊ दे हिला घरी. तू विश्वास ठेवून बसलीयेस, मी चादर काढली की त्याच क्षणी निघशील. मुखात पाहिलं. बांधाकडे शेवाळाचे पुंजके अजून तिरपे सरकत होते.

नाही काढली.

तू गेलीस तेव्हा मला तू थांबायला हवी होतीस आणि चादर म्हणत होती, थांब. म्हणून तुला ती माझी वाटली. आज मला तू आत यायला हवी आहेस वहिनी, एवढं मला आयुष्यात काही हवं झालं नव्हतं, आणि चादर म्हणतेय, थांब. आता तरी पटेल ना, ती कुणाची आहे ते?

हे मी तुला समोर बसून सांगणार नाही. जमणार नाही. म्हणून हे पत्र टेबलावर ठेवते, आणि परत आलेली दोन्ही त्याच्याखाली. होडी बांधून लगेच परत जाणार म्हणाली होतीस. जायचंच असेल तर जा. पण वाचून जा, आणि मी खाली आहे, या वेळी मी खालीच असेन. जाऊ नकोस, असं मला म्हणायचं आहे. लिहून टाकलं. आता तोंडाने म्हणायची प्रॅक्टिस करते.

पुंजके थांबले. एक मात्र सरकतोय, हळू. तोही थांबला.

चादर काढली.

तुझं शीड चढतंय. पट्टा, टाकी. पट्टा, टाकी. बरोबर येते आहेस, अगदी रेषेत. कुणी शिकवलं तुला?

मी दोरी धरायला धक्क्यावर चालले. नीट फेक. पहिल्या फटक्यात तुला ती कधीच जमली नाही.